लेकीने दिलेले कान

भक्तीच्या नऊ पायऱ्या सांगितल्या आहेत, आणि त्यांतली पहिली श्रवणाची आहे. आधी ऐकावे, मग गावे, मग स्मरावे. ही पहिलीच पायरी ज्याच्या पायाखालून निसटली, त्याने पुढच्या आठ कशा चढाव्यात? लोणंदजवळच्या एका लहानशा गावात सयाजीअण्णा हा प्रश्न उराशी धरून बसले होते, आणि मुखाने मात्र विठ्ठलाचे नाव घेत होते.

अण्णांचे आयुष्य साखर कारखान्याच्या मिलघरात गेले. उसाला चिरडणाऱ्या रोलरांचा गडगडाट हंगामभर अष्टौप्रहर चाले. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने शाल दिली, नारळ दिला, हार घातला. कान तेवढे मिलघरातच राहिले. घरी मृदंग होता. गावच्या भजनी मंडळाचा ठेका पिढीजात अण्णांच्या घराकडे. ऐकू येईना, तेव्हा ते वीणेकरी ज्ञानूबुवांचे ओठ पाहत, टाळकऱ्यांचे हात पाहत, आणि डोळ्यांनी ताल धरत. चुकला तर कोणी बोलत नसे. गावाने त्यांना असे सांभाळून घेतले होते, जसे वाकलेल्या म्हाताऱ्याला गाभाऱ्याच्या उंबऱ्यावरून हात देऊन आत घ्यावे.

त्यांची एकुलती एक लेक दीपमाला सांगलीजवळ दिलेली. जावई वीरधवल सैन्यात, सीमेवर. सासरे लालासाहेब उसाचे मोठे बागायतदार, बोलायला फटकळ, मनाने मानी. दीपमाला सांगलीतल्या एका पतसंस्थेत नोकरी करी. एका दिवाळीत ती माहेरी आली, वडिलांना साताऱ्याला घेऊन गेली, कान तपासून घेतले, आणि दोन्ही कानांत करंगळीच्या पेराएवढी यंत्रे बसवून त्यांना घरी आणले. चांगली भारीतली यंत्रे होती ती.

घरी येताच अण्णांनी मृदंग मांडीवर घेतला. थाप मारली आणि हात तसाच थबकला.

"अगं, डावी बाजू लय बसलीय. लावलेली कणीक जास्त झालीय हिच्यावर!"

त्यांच्या पत्नी धोंडुबाई चुलीकडून म्हणाल्या, "आवं, चार वरसं झाली, तशीच वाजतीया. समद्या गावाला ठावं हाय."

"मग कुणी सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं की! तुमाला ऐकू आलं न्हाई."

त्या दिवशी अण्णा हसले, आणि स्वतःचे हसणे स्वतःच्या कानांनी ऐकून रडले. त्या कानांनी त्यांनी अभंग ऐकले, पाखरे ऐकली, धोंडुबाईंची कुरकूर ऐकली आणि तीही गोड मानली.

पण सज्जनहो, या प्रसादाला एक गाठ होती. लेकीच्या घरचे घ्यायचे नाही, ही अण्णांच्या घराची रीत. लेक द्यायची, तिच्या मागोमाग साडीचोळी पाठवायची, पण तिकडून सुपारीचे खांडही आणायचे नाही. साताऱ्याच्या दुकानातच ते अडून बसले होते, आणि दीपमाला त्यांच्या कानाशी लागून समजावत होती.

"आबा, ह्यात सासरचं काही नाही. माझ्या पगारातलं आहे."

"तुजा पगार म्हंजे तुज्या घरचाच की गं."

शेवटी लेकीच्या डोळ्यांत पाणी आले तेव्हा त्यांनी एका अटीवर कान पुढे केले. हे कोणालाही कळता कामा नये. गावात त्यांनी सांगितले, फंडाच्या पैशातून घेतले. बिल दीपमालाच्या नावाचे, ते ती आपल्याबरोबर घेऊन गेली.

पुढे लालासाहेब म्हसवडच्या सिद्धनाथाच्या दर्शनाला निघाले असताना वाट वाकडी करून व्याह्यांकडे उतरले. अण्णांच्या कानांतली यंत्रे पाहून त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "झ्याक केलंत पाव्हणं! सोताच्या कष्टाचं घेतलंत. न्हाईतर हल्ली बघा, लोकं लेकी-जावयाचा खिसा चाचपत्यात. तुमच्याकडं बघून मान ताठ व्हती आमची."

अण्णांनी नुसती मान हलवली. ती मान हलली आणि गाठ आवळली गेली.

यंत्रे पहिल्या वर्षातच खरखरू लागली होती. अण्णांनी दोनदा ती साताऱ्याला नेऊन दिली. दुकानदाराने ठेवून घेतली, पोच दिली, आठवड्याने पुसून-सुकवून परत केली. चार दिवस बरी चालत, पुन्हा खरखर सुरू. वॉरंटी संपली, आणि थोड्याच दिवसांत उजव्या कानातले यंत्र मुके झाले. डाव्यातले शीळ घालू लागले, भजनात, जेवताना, कोणी जवळ आले तरी. त्या शिट्टीला कंटाळून ते काढून ठेवले, तर सगळे जगच बंद.

धोंडुबाई त्यांना घेऊन दुकानात गेल्या. तिथला माणूस मधाळ बोलला. वॉरंटी संपली, आता दुरुस्ती नाही, नवे घ्या, सूट देतो. धोंडुबाई एकेक वाक्य नवऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन पुन्हा सांगत होत्या.

"त्येला इचार," अण्णा म्हणाले, "पयल्यापासनंच आजारी व्हतं, त्येचं काय? तवा तर वॉरंटी व्हती."

त्या माणसाने संगणकात पाहिले. "बिल तुमच्या नावावर नाही, काका. तुम्ही आमचे गिऱ्हाईकच नाही. ज्यांनी घेतलंय त्यांना पाठवा."

धोंडुबाईंनी हे वाक्य मात्र कानात सांगितले नाही. पण अण्णांनी त्यांचा चेहरा वाचला, आणि बाहेर येताच खोदून विचारले. ज्याच्या कानांसाठी घेतले, तो गिऱ्हाईक नव्हे. आणि जी गिऱ्हाईक, तिचे नाव उच्चारायची चोरी.

मग भजनाला बसणे नकोसे झाले. एका एकादशीला ज्ञानूबुवांनी अभंगाची लय वाढवली आणि अण्णांचा हात जुन्याच लयीत राहिला. टाळ थांबले. बुवांनी प्रेमाने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. तेवढाच हात, पण अण्णांनी मृदंगाला गवसणी घातली आणि ते मंडपाच्या मागच्या खांबाशी जाऊन बसले. तिथून त्यांना सगळे दिसत होते. उघडलेली तोंडे, डोलणाऱ्या माना, एकमेकांवर आपटणारे टाळ. नाद तेवढा कुणी काढून नेला होता. देव समोर, माणसे समोर, आणि मधे काच असावी असे त्यांना वाटे. दीपमालाचा फोन आला की धोंडुबाईच बोलत. "आबा ना? रानात गेल्यात. यंतर झकास हाय." अण्णा शेजारीच बसलेले असत.

शेवटी धोंडुबाईंनीच वाट काढली. भजनातल्या एका बाईने त्यांना साताऱ्यातल्या वकील त्रिशलाताईंचा पत्ता दिला. त्रिशलाताई ग्राहकांची कामे पाहत. त्यांनी दोन्ही पोचपावत्या नीट वाचल्या आणि मोठ्याने, सावकाश, अण्णांच्या चेहऱ्यासमोर बोलू लागल्या.

"अण्णा, वॉरंटी संपली म्हणून हक्क संपत नाही. वस्तूत मुळातच दोष असेल तर दाद मागता येते. आणि इथे तर तुम्ही मुदतीतच दोनदा तक्रार केली आहे."

"पर मी गिऱ्हाईक न्हाई म्हनत्यात."

"चुकीचं सांगतात. ज्याने विकत घेतलं तो तर ग्राहक आहेच. त्याच्या संमतीने जो वापरतो, तोही कायद्याने ग्राहकच. भेट मिळालेली असली तरी. तक्रार साताऱ्याच्याच जिल्हा आयोगात करता येईल. फक्त दोन वर्षांच्या आत करायची. फार वेळ घालवू नका."

धोंडुबाईंच्या चेहऱ्यावर उजेड आला. त्रिशलाताईंनी विचारले, "मग, हे कुणी घेऊन दिलं?"

अण्णांनी उलट विचारले, "मीच घेतलं, आसं लिवता येईल का?"

"बिल दुसऱ्याच्या नावाचं आहे ना? तक्रारीबरोबर शपथपत्र जोडायचं असतं, अण्णा. ज्यांनी घेतलं त्यांचं बिल आणि त्यांचं निवेदन मिळालं, तर मोठा आधार होईल."

अण्णांचा हात गळ्यातल्या तुळशीमाळेवर गेला. शपथेवर खोटे लिहावे तर माळ आड येई. खरे लिहावे तर व्याह्यांसमोर मान आड येई. काहीच न लिहावे तर ही काच जन्मभर. तिन्ही दिशांनी भिंत होती आणि चौथ्या दिशेला ते स्वतःच पाठ टेकून उभे होते. 'विचार करून सांगतो,' एवढे बोलून ते उठले, आणि विचार करण्यात दिवसांमागून दिवस गेले.

धोंडुबाई आधी रुसल्या, मग चिडल्या, मग एके सकाळी त्यांनी पिशवी भरली. "चला सांगलीला. लेकीकडं बिल मागूया. कोपऱ्यात घेऊन सांगू तिला. कुणाला कळतंय?"

ही युक्ती अण्णांना पटली. पटली, यातच सगळी फसगत होती.

लेकीच्या दारी पोचले तेव्हा पुढच्या सोप्यात लालासाहेब पेपर वाचत होते, दोघे गडी वैरण टाकत होते, शेजारच्या बायका हळद निवडायला आल्या होत्या. चहापाणी पुढे आले. अण्णांनी रीतीप्रमाणे नाही म्हटले. मग संधी साधून त्यांनी दीपमालाला मागच्या पडवीत नेले, चौफेर पाहिले, आणि तिच्या कानाशी लागून कुजबुजले.

पण ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्याची कुजबुज ती काय! अण्णांना वाटले आपण ओठांतच बोलतो आहोत, आणि त्यांचा आवाज सोपा ओलांडून रस्त्यापर्यंत गेला.

"तू घेतलेलं यंतर बिघडलं गं! तुज्या पगाराचं हाय हे कुणाला कळू दिऊ नगंस! तुज्या सासऱ्याला तर आजाबात न्हाई!"

हळद निवडणारे हात थांबले. वैरण टाकणारा गडी तोंडावर उपरणे धरून वळला. दीपमालाने वडिलांच्या तोंडावर हात ठेवला, तोवर लालासाहेब पडवीच्या दारात उभे होते.

ते बोलू लागले. बराच वेळ बोलले. अण्णांना फक्त मिशी हलताना दिसत होती, हातातला पेपर उठताना आणि आदळताना दिसत होता. शिवी आहे, की समजूत? हाकलतो आहे, की बसा म्हणतो आहे? त्यांनी धोंडुबाईंकडे पाहिले. त्यांची नजर जमिनीवर. लेकीकडे पाहिले, ती रडत होती. आपल्या अब्रूचा निवाडा आपल्यासमोर चालला आहे आणि आपल्यालाच तो ऐकू येत नाही, याहून कोंडी ती कोणती? अण्णांनी हात जोडले आणि मोठ्याने, या वेळी जाणूनबुजून मोठ्याने, म्हणाले, "व्याही, लेकीनं दिलं ते मी घेतलं. तुमच्याशी खोटं वागलो. आता शपथंवर खरं लिवनार हाय. तुमी काय म्हनता ते मला ऐकू यीना, पर लिवनार हाय."

लालासाहेब थांबले, वळले आणि आत निघून गेले.

दीपमालाने डोळे पुसले, बिल काढून दिले, निवेदन लिहून सही केली. परतीच्या एस. टी.त धोंडुबाईंनी अण्णांच्या कानाशी तोंड नेऊन लालासाहेबांचे बोलणे सांगितले. "म्हनत व्हते, सुनंनं बापाला कान दिलं, ह्यात लाजायचं काय? लाज येती ती एवढीच, की ह्यांनी आमाला परकं धरलं. आता ह्यांच्या दारात पाय ठेवायचा न्हाई."

अण्णांनी बिल उलगडले, त्यावरचे लेकीचे नाव वाचले आणि घडी घालून ते खिशात ठेवले.

तक्रार दाखल झाली. त्रिशलाताईंनी त्यात सगळे खरे लिहिले. पहिल्या तारखेला अण्णा आयोगाच्या बाहेरच्या बाकावर बसले होते; त्रिशलाताई दुसऱ्या कामात अडकल्या होत्या. दुकानाचा वकील समोरून हसत गेला. धोंडुबाई पाणी आणायला गेल्या आणि नेमका त्याच वेळी आतून पुकारा झाला. अण्णांना काय ऐकू येणार! ते समोरच्या भिंतीकडे पाहत बसून राहिले. दुसऱ्यांदा पुकारा झाला. त्यांच्या ओठांवर नाम चालू होते.

कोणीतरी काठीच्या टोकाने त्यांना खांद्यावर ढोसले. वळून पाहिले तर लालासाहेब. न बोलावता, सुनेकडून तारीख काढून, सांगलीहून पहिल्या गाडीने आलेले. तोंड अजून फुगलेलेच. 'रामराम' नाही, हसणे नाही. त्यांनी काठी दाराकडे दाखवली. अण्णा उठेनात, तेव्हा त्यांनी दंड धरून उठवले आणि काहीतरी फटकन बोलले.

काय बोलले ते अण्णांना कळले नाही. दंडावरची पकड मात्र घट्ट होती, आणि तिच्या आधाराने ते आत गेले.