कबरींकडे तोंड करून

साताऱ्यात आमची ईस्टरची पहाटेची उपासना कबरस्तानात होते. त्या वर्षी आमचे पाळक आजारी होते, म्हणून उपदेशाला जतकडचे एक वयस्कर प्रचारक आले. माझी पत्नी गेल्यानंतरचा तो पहिला ईस्टर. ती गेल्यापासून उपासनेत माझ्या तोंडून शब्द निघत नव्हता. मी तिच्या कबरीपाशी उभा होतो.

प्रचारकांनी चपला काढल्या, उपरण्याने चष्मा पुसला आणि आमच्याकडे पाठ करून ते कबरींपुढे उभे राहिले.

"आवं, मंडळी हिकडं हायत!" शेजारची म्हातारी हसून ओरडली.

"हायत की आक्का. पन आजची बातमी आदी ह्यास्नी सांगाय पायजे."

आणि पलीकडच्या शेतातल्या माणसाला हाक मारावी तसे ते गरजले, "ख्रिस्त उठला आहे!" मग कानामागे हात धरून ते उत्तराची वाट पाहू लागले. ईस्टरच्या या घोषणेला मंडळीनं द्यायचं ठरलेलं उत्तर सगळ्यांना पाठ होतं, पण आज ते द्यायचं कुणी, हे कुणालाच कळेना.

"ह्यास्नी आज बोलता येत न्हाई," ते न वळताच म्हणाले. "ह्यांच्या वतीनं ह्यांची मानसं बोलतील का न्हाई?"

माझी पत्नी हे उत्तर सगळ्यांच्या आधी द्यायची, मी संकोचावं इतक्या मोठ्यानं.

"खरोखर उठला आहे!" मी ओरडलो. मागोमाग सगळं कबरस्तान दुमदुमलं.

प्रचारकांनी दोन्ही हात वर केले. "पोचलं!"

उपदेश तेवढाच झाला.

म्हातारीने डोळे पुसत माझ्या पाठीत धपका घातला. "अगदी तिच्यावानी वरडलास रं!"