निकुरेभाऊंचा चार्ज

निकुरेभाऊ सागवानाच्या ओंडक्यांवर गणितं सोडवायचे. मूल गावाजवळच्या आमच्या लाकूड डेपोत ते मोजणी कारकून होते आणि मी त्यांच्या हाताखाली नवा लागलेला. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर एका बाजूला सरकारी नंबर आणि उरलेल्या जागेत खडूने भाऊंचं बीजगणित. लिलावात माल गेला की अर्धवट गणितंही नागपूरला रवाना व्हायची. "इथचा लठ्ठाबी नागपूर पाह्यते, वामन. मीच नाई," असं ते हसत म्हणायचे. मला मात्र त्यावर कधी हसू आलं नाही.

कलकत्त्याला व्यापार-कारखान्यांचा कारभार शिकवणारा एक नवा वर्ग निघाल्याचं त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं होतं. प्रवेशपरीक्षा वर्षातून एकदा, केंद्र नागपूरला, आणि तिशी ओलांडलेल्यांना मज्जाव. भाऊ अठ्ठावीस वर्षांचे होते. वडील आरमोरीच्या तलावावर मासे धरायचे, भाऊ स्वतः नोकरी सांभाळून बाहेरून बी. ए. झालेले. "साहेब व्हाचं नाई मले," ते म्हणत. "साहेबाले जे समजत नाई, ते शिकाचं हाय."

पण अभ्यासाला वेळ कुठला? सकाळी सातपासून दिवेलागणीपर्यंत मोजणी. मग आम्ही युक्ती काढली. टेपचं टोक धरून मी ओंडक्याची गोलाई ओरडायचो आणि पाठोपाठ एक इंग्रजी शब्द. भाऊ आकडा लिहायचे आणि शब्दाचा अर्थ ओरडायचे. एकदा या धांदलीत रजिस्टरात गोलाईच्या रकान्यात 'महत्त्वाकांक्षा' असं लिहिलं गेलं. डेपोच्या साहेबांनी तांबड्या शाईने शेरा मारला, 'किती इंच?'

पहिल्या वर्षी गणितानेच घात केला. गोल खांबांची घनफळं विचारली होती. लाकडाच्या धंद्यात गोलाईचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. तासताना जाणारा भाग धरून आकडा मुद्दाम कमी येतो. सहा वर्षांच्या सवयीने भाऊंनी परीक्षेतही तेच केलं आणि सगळे खांब बारीक करून आले. "सरकार ज्या मापानं विकते, त्याच मापानं मी लेहलं. मंग चूक कोनाची?" मग दोन दिवस त्यांनी खडूला हातही लावला नाही.

दुसऱ्या वर्षी ते पास झाले. कलकत्त्याचं पत्र आलं, तेव्हा हजर व्हायला बारा दिवस होते. साहेब म्हणाले, "वामनला चार्ज द्या आणि खुशाल जा."

चार्ज म्हणजे डेपोतला एकेक ओंडका मला मोजून द्यायचा आणि मी सही करायची. पुढे एक जरी कमी भरला, तर नोकरी सही करणाऱ्याची जायची. रीत अशी की दोन थप्प्या मोजायच्या आणि बाकीच्यांसाठी देणाऱ्याच्या शब्दावर सही करायची. भाऊंनी कागद पुढे केला. मी अडीच हजार ओंडक्यांकडे पाहिलं. किती खेटे घालून मला ही नोकरी लागली होती!

"भाऊ, सगळं मोजूनच घेऊ," मी म्हणालो.

ते टेप उचलून म्हणाले, "मोज."

मजुरांबरोबर ते स्वतः पहारी घालून ओंडके उलटवत होते. तळाचे ओंडके चिखलात रुतलेले, नंबर वाळवीने खाल्लेले. रोज संध्याकाळी मला वाटायचं, उद्या सही करून टाकू. आणि रोज सकाळी मी टेपचं टोक धरायचो. बाराव्या दिवशी आम्ही सातव्या थप्पीवर होतो. थप्प्या अकरा होत्या.

हजर व्हायचा दिवस टळून गेला, तरी भाऊंनी उरलेल्या चार थप्प्या मोजायला लावल्या. एकही ओंडका कमी भरला नाही. मला तोंड वर करवेना. तेच म्हणाले, "तुहं बरोबर हाय. तुह्या जागी मी असतो, तं मीबी सई नसती केली."

पुढच्या परीक्षेआधीच त्यांनी तिशी ओलांडली. ते डेपोतच राहिले.

दोन वर्षांनी माझी बदली चांद्याला झाली. तोवर डेपोतले सगळे बांबू माझ्या ताब्यात होते, त्यांचा चार्ज भाऊंनी घ्यायचा होता. गाडीला तास-दीड तास उरलेला. मी म्हणालो, "भाऊ, निदान एक थप्पी तरी मोजा."

त्यांनी थप्प्यांकडे पाहिलंही नाही. कागद गुडघ्यावर ठेवून सही केली. "जा बाबा, गाडी सुटन."

मी कागद घेतला आणि स्टेशनकडे पळत सुटलो.