आत्यानं गोळ्या फेकल्या नाहीत

मंडळी, आज घडलेलं लगेच वाचनालयाच्या फळ्यावर लिहितोय, कारण ते सगळ्यांच्या उपयोगाचं आहे.

माझ्या आत्याला काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब उतरावा म्हणून दिलेल्या गोळ्यांनी तिच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. शेजारीण म्हणाली, “फेकून दे!”

आत्या म्हणाली, “डाक्तरला इचारल्याबिगर न्हाई.”

सकाळच्या एसटीनं आम्ही पुण्याला गेलो. डॉक्टरांनी दाब मोजला. तो चांगलाच उतरला होता! “मुंग्या या गोळीनं येतात. बरं केलंत, मनानं बंद केली नाहीत,” म्हणत त्यांनी गोळी कमी करून दिली.

परत आपल्या गावी, उरवड्याला उतरताच आत्या शेजारणीला म्हणाली, “माझा डोळा मी राखला!”

औषध सोसलं नाही, तर तुम्ही कुणाला विचारता?