नाक करून घ्या, मग बघू

नथेची तार माझ्या नाकात घुसवताना आत्याबाईंनी दुसऱ्या हाताने माझी हनुवटी धरली होती. खोंडाचे दात बघायला जबडा धरतात, तशी.

नाक लहानपणी टोचलेलं. पण मी चमकी घालत नव्हते, त्यामुळे भोक बुजत आलं होतं. तार आत जाईना. त्यांनी जोर लावला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, पण मी ओरडले नाही. बघायला आलेल्या माणसांसमोर मुलीने ओरडायचं नसतं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, तरी येत होतं.

नथ अडकली. आत्याबाई मागे सरकल्या, मान तिरकी करून बघितलं आणि हसल्या.

"बघा की! सगळी ओठावर पडली. नाकाला वर उचलच न्हाई."

साताऱ्याकडचे बागायतदार लोक. ऊस, पेट्रोल पंप, दारात गाड्या. मुलगा पुण्यात इंजिनिअर. आत्याबाई म्हणजे मुलाच्या वडलांची बहीण, आणि त्या घरात त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही. त्यांच्याकडे पद्धतच अशी. मुलगी बघायला जाताना घराण्याची नथ बरोबर न्यायची, मुलीला घालून बघायची. शोभली तर पुढची बोलणी.

आम्ही आष्ट्याजवळच्या एका गावातले. आप्पा, म्हणजे माझे वडील, तोफखान्यात होते. हवालदार होऊन घरी आले, तोफांनी एक कान घेतला. मी आष्ट्यात औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. आमचंही कूळ तोलामोलाचं, जातही तीच. म्हणून तर ते आमच्या दारात आले होते.

आत्याबाईंनी नथ काढली, तारेवरचं रक्त पदराला पुसलं आणि माझ्या आईकडे बघितलं.

"रंग बरा हाय. शिकल्याली बी हाय. पण असलं नाक आपल्यात नसतंय. कुणाकडनं आलं म्हनायचं ह्ये?"

आई आतल्या दारात उभी होती. तिच्या तोंडाचा रंग उडाला. नाकाच्या आडून काय विचारलं गेलंय, ते खोलीतल्या प्रत्येकाला कळलं होतं. पोह्यांचं ताट घेऊन आलेल्या माझ्या धाकट्या बहिणीलासुद्धा. ती तिथेच थांबली.

आप्पा घाईघाईने हसले. "आवं आत्याबाई, माझंच की. ह्ये बघा."

आणि त्यांनी मान वळवून दाखवली. एका बाजूने. मग दुसऱ्या बाजूने. चार माणसांत, स्वतःच्या घरात, बायकोच्या अब्रूसाठी माझा बाप आपलं नाक पुरावा म्हणून दाखवत होता. पाहुणे बघत होते. कुणी तरी म्हणालं, "व्हय व्हय, सेम हाय." सगळे हसले. आप्पाही हसले.

तेवढ्यात तो मुलगा पहिल्यांदा बोलला. अगदी गोड बोलला. "काका, हल्ली हे ऑपरेशन मायनर असतं. सांगलीतही करतात. नाक करून घ्या, मग बघू."

ते गेल्यावर आईने माझ्या नाकाला हळद लावली.  ती त्या रात्री जेवली नाही.

आप्पा म्हणाले, "स्थळ लय मोठं हाय, बाळ. परत असलं यायचं न्हाई. इचारून तर यिऊ."

मी गेले. मला कुणी ओढून नेलं नाही, हे सांगायला पाहिजे. शाळेच्या गॅदरिंगला दर वर्षी मलाच राक्षसीण करायचे. कॉलेजात एक जण मला बघितलं की स्वतःचं नाक बोटाने दाबायचा. एवढी वर्षं ऐकून ऐकून मलाही वाटायचं की चूक खरंच माझ्या तोंडावर आहे. डॉक्टरकडे गेलं तर निघेल.

सांगलीच्या त्या दवाखान्यात बाहेर बाकावर एक मुलगी बसली होती. घाटात गाडी उलटून तिचं नाक मोडलं होतं, तोंडाने श्वास घ्यायची. ती मला म्हणाली, "तुला काय झालं?" मी हातातला केसपेपर उलटा धरला.

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही. त्यांनी नीट समजावून सांगितलं. एक म्हणजे इंजेक्शन. जेलसारखं औषध भरून नाकाचा दांडा उंच दिसतो. चिरफाड नाही, अर्ध्या तासात घरी. पण वर्ष-दीड वर्षात ते विरतं, परत भरावं लागतं. शिवाय त्याने नाक भरता येतं, रुंदी कमी करता येत नाही. आणि सोपं दिसलं तरी धोका असतो. चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी काळी पडते, क्वचित नजरही जाते. काही ठिकाणी आतून दोरे घालून उचलतात, तेही टिकत नाही. कायमचं हवं असेल तर ऑपरेशन. भूल द्यायची, नाकपुड्या कमी करायच्या, दांड्याला आधार द्यायला कूर्चा घालायची. कूर्चा म्हणजे कानात असतं तसलं मऊ हाड. जास्त लागली तर बरगडीची काढायची. आतली सूज पूर्ण उतरायला वर्ष जातं.

मग त्यांनी मला विचारलं, "श्वासाला त्रास आहे?"

"न्हाई."

"मग तुला स्वतःला नाकात काय खटकतं?"

मी काही बोलायच्या आत आप्पा म्हणाले, "पाव्हण्यास्नी खटकतंय."

बाईंनी माझा फोटो काढला, कॉम्प्युटरवर नाक बदललं आणि पडदा आमच्याकडे वळवला. साधारण असं दिसू शकतं, तंतोतंत नाही, असंही सांगितलं. सरळ, बारीक नाकाची एक मुलगी. आप्पांनी चष्मा पुसला. पुढे वाकले. बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं ते म्हणतील, ही माझी पोरगी नाही. चल.

ते म्हणाले, "लय ग्वाड दिसतीया."

 आप्पांना मी तशी आवडले होते. त्यांचं काहीच माझ्यात उरलं नव्हतं, तशी.

मग ते बाईंकडे वळले. "डॉक्टरीणबाई, तिच्या बरगडीला कशाला हात लावताय? माझी घ्या की. नाक बी माझंच गेलंय तिला. आन् मला आता बरगडी काय करायचीया?"

"तसं होत नाही काका. दुसऱ्याची चालत नाही. तिचीच लागते."

"मी दुसरा कसा? बाप हाय मी तिचा."

 मी खाली बघत होते. आप्पा सदऱ्यावरून आपली बरगडी चाचपत होते, कुठली देता येईल ते बघत असल्यासारखे. आयुष्यात मला इतकं वाईट कधी वाटलं नाही. आत्याबाईंनी तार घुसवली तेव्हाही नाही.

बाहेर येऊन बाकावर टेकलो तोवर आप्पांचा फोन वाजला. एका कानाने ऐकू येत नाही म्हणून आप्पा कायम स्पीकरवर बोलतात. आत्याबाई होत्या.

"काय म्हनली डॉक्टरीण? सुई नगं हं. ती उतरली की मागचं नाक परत यायचं, चार मानसांत शोभा. आपरेशनच करा. आन् एक. लेकरांचं नाक कुणावर जाईल, त्ये इचारलं का?"

"न्हाई इचारलं," आप्पा म्हणाले. "इचारतो. आत्ता जाऊन इचारतो."

आणि ते खरंच उठले. गुडघ्यावर हात टेकून, कण्हत. आपल्या नातवंडांत आपली खूण राहणार तर नाही ना, हे विचारायला माझा बाप परत आत निघाला होता.

मी त्यांचा हात धरला. "आप्पा, बसा."

फोन घेतला. मी म्हणाले, "आत्याबाई, लेकरांचं नाक माझ्यावर जाईल. माझ्या वडलांवर जाईल. आणि ती लेकरं तुमच्या घरात येणार नाहीत."

फोन ठेवला.

आप्पांनी मला शाबासकी दिली असती, तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती. ते संतापले. "काय बोललीस ह्ये? एवढं स्थळ! माझी मान खाली घालाय लावलीस." घरी येईपर्यंत एसटीत खिडकीकडे तोंड करून, रुमाल नाकावर धरून बसले. धूळ नव्हती. तेव्हापासून घरी कुणी परकं आलं की त्यांचा हात आपोआप नाकाकडे जातो. साठी उलटलेला माणूस. आत्याबाईंनी माझ्या नाकातून रक्त काढलं ते भरून आलं. हे भरून येत नाही, आणि यावर सांगलीत काय, कुठेच इलाज नाही.

मी ऑपरेशन करणाऱ्या कुणाला नावं ठेवत नाही. बाकावरच्या त्या मुलीला श्वास घ्यायचा होता. कुणाला स्वतःसाठी करावंसं वाटलं तर तिने खुशाल करावं, तिचं तोंड आहे. माझ्या तोंडाचं काय करायचं, त्या कागदावर सही दुसऱ्याची होती.

गेल्या आठवड्यात धाकटीला स्थळ आलं. तिचंही नाक आमचंच. आप्पा दुपारी म्हणाले, "रविवारी पोरगी बघायला यायचं म्हनत्यात."

मी म्हणाले, "बोलायला येऊ द्या. बघायला नको."

"दावल्याबिगर लगीन हुतं व्हय?"

"नसेल होत, तर नको होऊ दे."

त्यांचे डोळे भरले. मला जवळ जावंसं वाटलं. गेले नाही. गेले असते तर त्यांनी मला समजावलं असतं आणि मी ऐकलं असतं. त्यांच्या फोनमधून पाहुण्यांचा नंबर काढला आणि स्वतः लावला. म्हणाले, मी मुलीची मोठी बहीण. यायचं तर तिच्याशी बोलायला या. तिच्या तोंडाला हात लावायचा नाही. उभी राहा, चालून दाखव, बाजूने बघू, हे म्हणायचं नाही. आमच्या आईला एक शब्द विचारायचा नाही. जमत नसेल तर येऊ नका.

पलीकडून फोन बंद झाला. धाकटी दारात उभी राहून सगळं ऐकत होती आणि रडत होती.

पुढचा येईल त्यालाही मी हेच सांगणार.