सहा शब्दांची चावी

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात देवावर, डॉक्टरवर आणि आपल्या दोन्ही जावयांवर विश्वास ठेवला, पण मोजून घेतल्यावरच. छत्तीस वर्षं ते बँकेत कॅशियर होते. आता कोपरखैरण्याला तिसऱ्या मजल्यावर निवांत राहतात, पण त्यांच्यातला कॅशियर काही अजून निवृत्त झालेला नाही. माझ्या लग्नात आहेराची पाकिटं त्यांनी मांडवातच उघडली, एकेक नोट उजेडाला धरून बघितली आणि जेवणाच्या रांगेत उभ्या असलेल्या एका काकांना बाजूला घेऊन त्यांची फाटकी पन्नासाची बदलून घेतली. आमच्याकडच्या मंडळींना वाटलं, मुलीचा बाप लग्नाचा खर्च तिथल्या तिथे वसूल करतोय. पप्पांचं म्हणणं सरळ होतं, माणूस काउंटर सोडून गेला की तक्रार चालत नाही.

नोट हा त्यांचा जीव. पाकिटातल्या सगळ्या नोटा एका बाजूला तोंड करून असायला हव्यात, शंभराच्या पोटात दहाची गेलेली खपत नाही. चुरगळलेली नोट घरात आली तर आधी तिच्यावर इस्त्री फिरते, शर्टाचा नंबर नंतर. नोट खरी की खोटी हे त्यांना बघावंसुद्धा लागत नाही. अंगठा आणि तर्जनीत धरून कानाजवळ एक झटका देतात आणि मान हलवतात. बोनकोड्याहून एक भाजीवाली बाई पाटी घेऊन येते, तिने परत दिलेल्या प्रत्येक सुट्ट्या नोटेची अशी कानचाचणी व्हायची. ती बिचारी पाटी डोक्यावर घेऊन ताटकळत राहायची. एकदा तिला त्यांनी सुरक्षा धागा कसा ओळखावा हे समजावायला घेतलं, तेव्हा ती म्हणाली, "मना काय करायचाय धागा? पालक सुकतय इथं." पप्पांनी त्या दिवशी दोन जुड्या जास्त घेतल्या.

अशा या माणसाला धाकटा जावई कसा मिळावा? माझा साडू तळोज्याला एका केमिकल कंपनीत आहे, कामोठ्याला भाड्याने राहतो आणि त्याचे पैसे फोनमध्ये असतात. फोनमधून बँकेत असं नव्हे, फोनमध्येच. क्रिप्टो. लग्न ठरलं तेव्हा त्याने हे प्रामाणिकपणे सांगून टाकलं होतं. पप्पांनी तेव्हा ते ऐकून सोडून दिलं, त्यांना वाटलं मुलगा कुठला तरी खेळ खेळतो.

नंतर मात्र दर रविवारी जेवणं झाली की वाद सुरू. मी थोरला जावई. थोरल्या जावयाला मत नसतं, त्याला फक्त दोन्ही बाजूंनी "तुम्हीच सांगा" असं विचारतात आणि उत्तर कोणी ऐकत नाही. मी बडीशेप चघळत बसायचो. साडू सांगायचा, पप्पा, इथे मॅनेजर नाही, हेड ऑफिस नाही, कोणाच्या शब्दावर विसंबायचं नाही, सगळा हिशेब जगासमोर उघडा. पप्पा विचारायचे, मग गडबड झाली तर ओरडायचं कोणावर? साडू म्हणायचा, तुमच्या नोटा एका संध्याकाळी रद्दी झाल्या होत्या, विसरलात का? यावर मात्र पप्पा ताठ बसायचे. "रद्द झाल्या, पण मी काउंटरवर बसून लोकांना बदलून दिल्या. चार दिवस धड जेवलो नाही. तुमचं नाणं बुडालं तर मी कुठल्या काउंटरपुढे रांग लावू, तेवढं सांगा जावईबापू." मग साडू आतून दुसरी वाटी श्रीखंड मागवायचा.

खरं सांगू का, मला दोघांचंही पटायचं. पप्पांची नोट म्हणजे तरी काय, कागदावर छापलेलं एक वचनच. आणि साडूचं नाणं म्हणजे तेही नाही. पण हे बोललो असतो तर दोघांनी मिळून मला धरलं असतं.

एका रविवारी पप्पांनी नेमका प्रश्न विचारला. फोन हरवला तर? साडूने सांगितलं, त्याची सोय आहे. बारा साधे इंग्रजी शब्द मिळतात. नव्या फोनमध्ये ते ओळीने टाकले की पैसे परत दिसतात. शब्द गेले तर पैसेही गेले. एवढं बोलून त्याने पाकिटातून घडी केलेला कागद काढून दाखवला. पप्पांचा चेहरा उतरला. आपला धाकटा जावई तिजोरीची किल्ली पाकिटात घालून तळोजा ते कामोठे फिरतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

मग त्यांनी आम्हाला बँकेची रीत सांगितली. तिजोरीला किल्ल्या दोन, दोन वेगळ्या माणसांकडे. एकट्याला ती उघडताच येत नाही. पप्पांची किल्ली छत्तीस वर्षं कडदोऱ्याला होती, आंघोळीलासुद्धा ती सुटली नाही. "पूर्ण किल्ली एका माणसाकडे, याला बँक म्हणत नाहीत, याला उशी म्हणतात," ते म्हणाले आणि आतून कात्री घेऊन आले. कागदाचे दोन तुकडे केले. खालचे सहा शब्द साडूला दिले. वरचे सहा स्वतः घेतले, गॅलरीत जाऊन अर्धा तास पाठ केले आणि तो तुकडा आमच्या देखत गॅसवर जाळला. किल्लीचा नंबर लिहून ठेवायचा नसतो, हाही नियमच.

तुम्ही म्हणाल, साडूने हे होऊ कसं दिलं? मी पण विचारलं. तो म्हणाला, दादा, दोन वर्षं भांडतोय, आज पहिल्यांदा ते माझ्या पैशाला पैसे समजले.

आणि तसंच झालं. पप्पा बदललेच. सोसायटीच्या बाकावर पेन्शनर मंडळींत बसून "आमच्याकडे थोडंफार क्रिप्टो असतं" असं हळू आवाजात सांगायला लागले. पनवेलला एका मुंजीला आम्ही सगळे साडूच्या गाडीतून निघालो तर पप्पा खाली थांबून राहिले. दोन्ही किल्ल्या एका वाहनातून न्यायच्या नाहीत, अपघात झाला तर तिजोरी कायमची बंद. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. पप्पा रिक्षाने आले, आमच्यानंतर पाऊण तासाने, घामाघूम झालेले पण अगदी समाधानी.

त्यानंतर वर्षभराने कंपनीत पाईपलाईन वाकून बघताना साडूचा फोन शर्टाच्या खिशातून निसटून टाकीत पडला. टाकीत काय होतं ते विचारू नका, फोनचा स्क्रूसुद्धा हाती लागला नाही. साडूला काडीचं टेन्शन नव्हतं. उलव्याला त्याने फ्लॅट बघून ठेवला होता, बुकिंग महिनाभरात करायचं होतं, पैसे त्यासाठीच जमवले होते. नवा फोन घेऊन तो रविवारी हजर झाला आणि म्हणाला, पप्पा, तुमचे सहा द्या.

पप्पा म्हणाले, अर्ज लिहा.

आम्ही हसलो. साडूने अर्ज लिहिला, कारणासकट. पप्पांनी तो वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि बघतो म्हणाले. पुढच्या रविवारी म्हणाले, खाली सही राहिलीय. त्याच्या पुढच्या रविवारी म्हणाले, "सध्या बाजार खाली आहे. आत्ता काढू नका, नुकसान होईल." साडू जिन्यात मला टाळी देऊन म्हणाला, बघितलं ना दादा, म्हातारा बाजाराचं बोलायला लागला. त्याला वाटलं आपण वाद जिंकला. मलाही तसंच वाटलं. आम्ही दोघंही इतके मूर्ख कसे, देव जाणे.

कारण दिसत तर होतं. भाजीवालीला पप्पा एकाच दिवशी दोनदा पैसे द्यायला लागले होते. ती प्रामाणिक बाई, दुसऱ्यांदा दिलेले सासूबाईंच्या हातात ठेवून जायची. दिवाळीला माझ्या मुलीला द्यायला त्यांनी दहा नोटा मोजल्या. नऊ भरल्या. परत मोजल्या तर अकरा. मग ते गठ्ठा सासूबाईंकडे सरकवून, चष्मा बदलायला झालाय, असं म्हणाले होते.

एका बुधवारी दुपारी काही कामाने मी एकटाच त्यांच्याकडे गेलो. सासूबाई वामकुक्षीला आडव्या झालेल्या. पप्पा गॅलरीत बसले होते. मांडीवर माझ्या बायकोच्या कॉलेजची जाड इंग्रजी डिक्शनरी, नोटा मोजायचा ओला स्पंज शेजारी, आणि एकेक पान बोट ओलं करून उलटत होते. पप्पा कधी इंग्रजी पेपरही वाचत नाहीत. मी विचारलं, काय शोधताय? त्यांनी पुस्तक मिटलं नाही. मला वाटतं, लपवून लपवून ते थकले होते.

"शब्द समोर आला की ओळखेन मी," ते म्हणाले. "नोट ओळखतो तशी. एचपर्यंत आलोय. अजून एकही बोलला नाही माझ्याशी."

मी खाली बसलो. तेच पुढे म्हणाले, "छत्तीस वर्षांत माझी कॅश एका रुपयाने कमी भरली नाही. आणि कमी भरली ती कोणाची, तर घरच्या मुलाची. त्याचं घर होतं हो त्यात."

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. संध्याकाळी कामोठ्याला जाऊन मी साडूला सगळं सांगितलं. माझी मेहुणी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती आत गेली आणि बराच वेळ नळ चालू ठेवून उभी राहिली. साडूने नव्या फोनवर आकडा उघडून मला दाखवला. तो आकडा कोणालाही बघता येतो, फक्त हात लावता येत नाही. होता तेवढा सगळा तिथे होता, उलट थोडा वाढला होता. मला साडूची भीती वाटली. हा रविवारी जाऊन ओरडला तर? हक्क होता त्याचा. पाच वर्षांच्या ओव्हरटाइमचे पैसे होते ते.

रविवारी तो पेढे घेऊन आला. चपला काढता काढताच म्हणाला, "पप्पा, काम झालं. मागच्या वेळी जाताना जिन्यात तुम्ही मला हळूच सांगितलेत ना शब्द, ते टाकले. पैसे निघाले."

पप्पा त्याच्याकडे बघत राहिले. "मी सांगितले?"

"तुम्हीच. दोघंच होतो आपण. तिसऱ्यासमोर सांगायचे नसतात म्हणालात."

"हो, तो नियमच आहे," पप्पा म्हणाले. मग पेढ्याचा पुडा हातात घेत, "बरोबर होते सगळे?"

"सहाच्या सहा. ओळीनेसुद्धा."

त्या दुपारी ते पोटभर जेवले आणि कित्येक आठवड्यांनी हात धुऊन सरळ झोपायला गेले. उलव्याच्या फ्लॅटचं काय, असं सासूबाईंनी विचारलं तर साडू म्हणाला, बिल्डर उशीर करतोय. नवी मुंबईत या कारणावर कोणी उलट प्रश्न विचारत नाही. तो अजून कामोठ्यालाच राहतो, दर वर्षी भाडं वाढवून.

त्या रविवारी परतताना पार्किंगमध्ये मी त्याचा हात धरला. म्हटलं, अरे, एवढे पैसे, बुडाले रे तुझे. तो गाडीची काच पुसत होता. मागच्या काचेवरचा एक डाग काही निघेना, तो त्याच्यावरच घासत राहिला.

"बुडाले कुठे, दादा," तो म्हणाला. "पप्पांकडे आहेत."