माळावरच्या काचा आणि माझे बूट

आमचा धनगरवाडा हातकणंगल्याकडच्या एका माळावर, आणि माळाच्या टोकाला बिरोबाचं देऊळ. देवळापुढं झाडांची गर्द सावली होती, तीच आम्हाला नडली. नव्वदीनंतर कुठली कुठली मंडळी रविवारी तिथं रश्श्याच्या पार्ट्या करायला येऊ लागली. मटण पोटात, बाटल्या दगडावर. सोमवारी आधी मेंढ्या लंगडायच्या, मग माणसं.

त्यातच आईला शुगर निघाली. राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी तिच्या तळव्याला पिन टोचली, तर तिला पत्ताच नाही. ते मला म्हणाले, "यांना काच लागली तरी कळणार नाही. जखम चिघळली तर पाय काढावा लागेल." आई रोज सकाळी बिरोबाला फेऱ्या घालायची, अनवाणी. देवाच्या अंगणात चप्पल घाल, हे तिला सांगायची कोणाची छाती नव्हती. मी घाबरलो होतो. मग अंगणच साफ करायचं ठरवलं.

मी उद्यमनगरात फाउंड्रीत कामाला, म्हणजे वाड्यावरचा इंजिनिअर मीच. कारखान्यातलं मोठं लोहचुंबक मागून आणलं आणि दोरी बांधून अंगणभर ओढत फिरलो. अख्खा वाडा बघायला जमला. बाटल्यांची बुचं, खिळे, ब्लेड, सगळं भराभर चिकटलं. मी छाती फुगवून उभा राहिलो. तेवढ्यात चुलते म्हणाले, "आनि काचंचं काय रं?"

काच लोहचुंबकाला चिकटत नाही, हे शाळेत शिकवलं होतं. त्या दिवशी मी बहुतेक मेंढ्यांकडं गेलो असणार.

मग खराटा घेतला. ड्युटीला निघायच्या आधी अंगण झाडायचं आणि कंपनीचे जाड सेफ्टी बूट घालून साहेबासारखं त्यावर फिरायचं. कुठं काही टोचत नव्हतं. आईला म्हणालो, "जा आता बिनघोर. एक काच न्हाय."

आई बुटांकडं बघत राहिली. "तुला कशानं कळलं?"

"चालून बघितलं की."

"ह्ये घालून? मग तुझं पाय आनि माझं पाय येकच की."

फोरमननं इतकी वर्षं शिव्या घातल्या, पण एवढी लाज कधी वाटली नव्हती. मी बूट काढले. दुसऱ्या दिवसापासून फेरीला मी पुढं अनवाणी, आणि आई माझ्या पावलावर पाऊल टाकत मागं. मी "आयाया" केलं की ती थांबायची. मी काच वेचून डब्यात टाकायचो, मग पुढं. वाड्यावरच्या बायकांना सकाळची ती करमणूकच झाली. पण जत्रेत ढोलावर अनवाणी नाचायची वेळ आली, तेव्हा हसणाऱ्यांनीच चपला काढून आदल्या दिवशी सगळं अंगण पायांनी चाचपलं. त्या वर्षी नाचताना कोणाचा पाय कापला नाही. त्याचं श्रेय मी अजून सोडलेलं नाही.

जत्रेनंतर आईला तपासणीला नेलं. डॉक्टरांनी तिचे तळवे उजेडात धरून पाहिले. ओरखडासुद्धा नव्हता. "छान जपलेत पाय," ते आईला म्हणाले. यात माझा वाटा किती, ते सांगायला मी उठलो आणि लंगडलो. त्यांनी मलाच टेबलावर घेतलं. टाचेत काच रुतून बसली होती.

आईसमोर हूं की चूं करायचं नाही म्हणून मी दात आवळले. डॉक्टरांनी चिमटा आत घातला, आणि खोलीत "आयाया" ऐकू आलं. मी तर गप्प होतो. मान वळवून पाहिलं, तर आईनं स्वतःचीच टाच उचलून धरली होती.