जजबाईंचा पहिला प्रश्न

लिफ्टमध्ये मी दिसले की जजबाई मागे सरकायच्या आणि जिना धरायच्या, गुडघे दुखत असले तरी. नॉटिंगहॅमच्या त्या ट्रिब्युनलच्या इमारतीत मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच, पण एका शब्दाचीही देवाणघेवाण नाही. मी मनात म्हणायचे, काय हा तोरा.

तोरा वाटायला कारण होतं. त्यांच्या खुर्चीसाठी मीही अर्ज केला होता. निवड त्यांची झाली, आणि मी राहिले सरकारी खात्याची बाजू मांडत. खात्याने कोणाचा अपंगत्वाचा भत्ता नाकारला की तो माणूस इथे दाद मागतो. जज खात्याचे नसतात, त्यामुळे खात्यालाही जाब विचारतात. मला त्यांचं सगळंच खुपायचं. त्यांचं इंग्लिश, त्यांचा राखाडी बॉबकट, लोक ज्या भरवशाने त्यांच्याकडे बघायचे तो भरवसासुद्धा.

त्यांची एक सवय तुम्हाला सांगायलाच हवी. आम्ही फाइल उघडली की त्या विचारायच्या, "तुमचं नंतर ऐकते. आधी सांगा, समोरच्यांना तुमचा निर्णय का पटत नाही?" आम्ही बोलत असताना त्यांची नजर दाद मागायला आलेल्या माणसावर. त्याने मान हलवली तरच पुढे जायचं. खात्याचे भलेभले तिथे अडकायचे.

एकदा एका डिनर लेडीची केस होती. शाळेत मुलांना जेवण वाढायच्या, हात थरथरायला लागले म्हणून नोकरी सुटली. आमचं म्हणणं, बाई स्वतःपुरतं रांधू शकतात. प्रश्न आलाच. मी चिडूनच सुरुवात केली. "त्यांचं म्हणणं, पास्ता शिजवता येतो, पण पातेलं उचलून पाणी गाळता येत नाही. म्हणून त्या रोज सँडविच खातात. मुलगी आली की तिला सांगतात, मला सँडविचच आवडतं."

डिनर लेडी बाईंनी मान हलवली आणि त्या रडायला लागल्या. निकाल त्यांच्या बाजूने लागला. जाताना जजबाईंना म्हणाल्या, "तुम्ही मला समजून घेतलंत." मी बाजूला कागद गोळा करत होते. शब्द माझे आणि आभार त्यांचे. नुसता जळफळाट झाला माझा.

मग जजबाई रिटायर झाल्या. इमारतीचा पास परत करायला आल्या त्या दिवशी मी लिफ्टमध्ये होते. त्या जिन्याकडे वळतील म्हणून मी बटण दाबणार, तोच आत आल्या.

"चला, आता बोलायला हरकत नाही."

"म्हणजे इतकी वर्षं जिना माझ्यामुळे?"

"अहो, बाहेर बसलेल्या माणसाने आपल्याला मराठीत हसताना पाहिलं असतं, तर त्याला वाटलं असतं, संपलं, आपला निकाल लागला."

लिफ्ट खाली पोचता पोचता त्या पुढे म्हणाल्या, "त्या डिनर लेडीची बाजू मला तशी मांडता आली नसती. घरी गेले तर जेवण जाईना. फार हेवा वाटला तुमचा."

दार उघडलं. ट्रॅम गाठायची म्हणून त्या लंगडत निघून गेल्या.

त्यांच्या जागी आलेले जज चांगले आहेत, वेळेत उरकतात. आधी आमची बाजू विचारतात. हल्ली मी बहुतेक केसेस जिंकते. समोरच्याचं म्हणणं मात्र अजूनही आदल्या दिवशी नीट तयार करून नेते. कोणी विचारत नाही.